पाच हजार यूजर आणि एक लॉगिनचं पान

आमचं जळगावात चार जणांचं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईकं बहुतेक दाल मिलवाले, केळीचे व्यापारी, सराफ. 2024 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, 10 मे रोजी, एका सराफाचं ऑनलाइन बुकिंग सुरू करायचं होतं. त्या दिवसाच्या भावात घरबसल्या सोनं नोंदवायचं आणि सवडीने दुकानातून न्यायचं. आखाजीला इथे सराफांकडे काय झुंबड असते ते जळगावकराला सांगायला नको. शेठजींची अट एकच होती: "त्या दिवशी बंद पडायला नको."

लोड टेस्टिंग, म्हणजे खोट्या यूजरची गर्दी सोडून साइट किती भार सोसते ते बघणं, आम्ही कधी केलं नव्हतं. जेमीटर, लोकस्ट, के-सिक्स ही त्यासाठीच्या टूलची नावं कानावर होती, फुकट आहेत हेही माहीत होतं. पण हातात तीन आठवडे, शिकत कोण बसणार? तेवढ्यात ओळखीतून एक गृहस्थ आले. स्वतःचं टूल, स्वतःचं इंजिन, पाच हजार यूजरपर्यंत भार, वर्षाचे साठ हजार. चहा निवायच्या आत त्यांनी लॅपटॉपवर आमच्याच साइटवर टेस्ट लावून दाखवली. सगळे आलेख हिरवे, सरासरी प्रतिसाद 0.3 सेकंद, चुका शून्य. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आपलं काम इतकं चांगलं आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं! पैसे दिले. बिल "पाठवतो" म्हणाले, ते आजही येतंय.

आखाजीला सकाळी दहाला बुकिंग उघडलं आणि दहा मिनिटांत साइट झोपली. शेठजींच्या मुलाचा फोन: "हाई काय चाली ऱ्हायनं भो?" नोंदी जिथे साठतात तो डेटाबेस, मायएसक्यूएल, सांगत होता, टू मेनी कनेक्शन्स, एका वेळी फार जण जोडले गेलेत. कनेक्शनची मर्यादा आम्ही हातच लावलेली नव्हती, मुळातली 151 तशीच. त्यात चूक आमची: पेमेंट गेटवेचं उत्तर येईपर्यंत प्रत्येक बुकिंग आपलं कनेक्शन धरून बसत होतं. दुपारपर्यंत लोक दुकानात जाऊन रांगेत उभे राहिले.

आता प्रश्न असा की पाच हजारांच्या टेस्टमध्ये हे दिसलं का नाही. त्या रात्री टेस्टच्या दिवसाचा ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची वही, उघडला. ओळीमागून ओळ तीच: आधी बुकिंगच्या पानाला 302, म्हणजे "दुसऱ्या पानावर जा", लगेच लॉगिनच्या पानाला 200, म्हणजे "पान मिळालं". त्या 200 च्या प्रत्येक ओळीत आकार 4,812 बाइट, दरवेळी तेच लॉगिनचं पान. म्हणजे लॉगिन होत होतं, पण कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची चिठ्ठी, कुणी जपतच नव्हतं, म्हणून पुढची प्रत्येक विनंती परत लॉगिनच्या पानावर आपटत होती. शेवटी 200 आलं की टूलच्या लेखी पास. पाच हजार माणसं दुकानाच्या पायरीवरून परत फिरली आणि अहवालात लिहिलं, सगळ्यांनी खरेदी केली.

विनंती कोणत्या प्रोग्रॅमने पाठवली ते सांगणाऱ्या यूजर-एजंटच्या रकान्यात होतं अपाची-एचटीटीपीक्लायंट, जावा. जेमीटर मुकाट्याने हीच ओळख सांगतो. "स्वतःचं इंजिन" ते हेच, वर रंगरंगोटी केलेलं. तसं पाहिलं तर जेमीटर विकणं गुन्हा नाही. जेमीटर अपाची या संस्थेचं आहे आणि तिचा परवाना त्याला मुभा देतो, फक्त परवान्याची प्रत आणि नोटीस सोबत द्यावी लागते. राग त्याचा नाही. कुकी जपणारा जेमीटरचा कुकी मॅनेजर न लावता, पानावर काय आलं हे तपासणारं असर्शन न लावता हिरवे आलेख दाखवले, त्याचा आहे. कच्ची निकालाची फाइल मागितली होती तेव्हा "ते आमचं गोपनीय असतं" असं उत्तर मिळालं होतं. तिथेच उठायला हवं होतं.

सरासरीचं तर विचारूच नका. शंभरातल्या 95 विनंत्या 0.2 सेकंदात आणि पाच 20 सेकंदांत आल्या तरी सरासरी निघते 1.19. कागदावर छान. पण त्या पाच जणांनी साइट केव्हाच बंद केलेली असते. म्हणून 95 आणि 99 पर्सेंटाइल मागा, म्हणजे शंभरातल्या 95 आणि 99 विनंत्या किती सेकंदांच्या आत आल्या ते, नुसती सरासरी दाखवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि विकत घ्या की फुकटचं वापरा, आधी टूलचीच खोड काढा. आम्ही आता एका पानावर मुद्दाम दोन सेकंद थांबायला लावणारा स्लीप टाकतो, निम्म्या यूजरना चुकीचा पासवर्ड देतो आणि टेस्ट लावतो. अहवाल तेवढा लाल झाला नाही, तर टूल किंवा स्क्रिप्ट, दोघांतलं एक खोटं बोलतंय. शेवटी बुकिंगच्या टेबलात किती ओळी वाढल्या ते मोजायचं. हे आम्ही स्वतः जेमीटरवर केलं, पडद्यावर न चालवता कमांड लाइनवरून, कारण खिडकी उघडी ठेवून मोठा भार टाकला की आपलाच लॅपटॉप आधी धापा टाकतो. आमची साइट दीडशेच्या आसपास यूजरला कोसळली. शिकायला लागले चार दिवस.

पैसे परत आले नाहीत. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, वकील बघा. वकिलाची फी ऐकून आम्ही गप्प बसलो. यंदा मार्चअखेर त्याच गृहस्थांचा मेसेज आला: रिन्यूअलवर वीस टक्के सूट, आखाजी स्पेशल.