लीद तपासणीचे खोटे रिपोर्ट: घोडे पाळणाऱ्यांनो, आकडे नीट बघा

आमच्या पाच महिन्यांच्या शिंगराचं पोट सुटलं, केस राठ झाले, खोकला लागला. तेव्हा माझ्या हातात त्याच्या लिदीचा रिपोर्ट होता: जंतांची अंडी शून्य. त्या कागदाच्या भरवशावर मी तीन आठवडे वाया घालवले.

सगळ्या घोड्यांना सरसकट जंतनाशक पाजणं मी बंद केलं होतं. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. उठसूट औषध दिलं की त्याला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात. शिवाय मोठ्या घोड्यांतले मोजकेच घोडे कुरणात बहुतेक अंडी टाकतात. म्हणून लीद तपासायची आणि गरज असेल त्यालाच औषध द्यायचं. चूक झाली ती माणूस निवडण्यात. लीद तपासणारा आणि कुरणावर टाकायची वनस्पतींची पावडर विकणारा एकच होता. "पावडर टाका, लीद उचलायची गरज नाही, अळ्या जागीच मरतात," असं तो सांगायचा. दर महिन्याला नमुने न्यायचा आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये आकडे आधीपेक्षा कमी असायचे. मला तेच हवं होतं, म्हणून मी एकदाही शंका घेतली नाही.

पशुवैद्यांनी मोठ्या घोडीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. खाली लिहिलं होतं: मॅकमास्टर पद्धत (सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची रीत), मोजलेलं एक अंडं म्हणजे ग्रॅममागे 50. मग उत्तर 0, 50, 100, 150 असंच यायला हवं. घोडीचा आकडा होता 37! जुने कागद काढले, तर 82, 115, 64. मोजणी झालीच नव्हती. जाब विचारला, तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

नव्याने तपासल्यावर शिंगराच्या लिदीत गोल जंतांची अंडी खच्चून निघाली. शिंगरांना मोठ्या घोड्यांचा नियम लावायचाच नसतो, त्यांना ठरल्या वयात औषध द्यावंच लागतं, हेही मला तेव्हाच कळलं. जंत फार असले की एकदम मरून आतडं तुंबू शकतं, त्यामुळे डॉक्टरांनी औषध फार जपून निवडलं. ते दोन दिवस मी तबेल्यातच काढले.

तुम्ही तपासणी करून घेत असाल तर एका अंड्याला किती धरतात ते विचारा आणि आकडा त्या पटीत बसतो का पाहा. औषधानंतर 14 दिवसांनी पुन्हा लीद तपासा, औषध लागू पडलं की नाही ते तेव्हाच कळतं. खरा रिपोर्टसुद्धा आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या दाखवत नाही, पट्टकृमीही बरेचदा सुटतात. आणि लीद उचलाच. आम्ही आता आठवड्यातून दोनदा उचलतो, अळ्या गवतावर चढायच्या आत.

शिंगरू सावरलं. पण गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे त्या कुरणात पुढची शिंगरं सोडता येणार नाहीत. सध्या तिथे गाई चरतात.