कपलरची पिन बदलावी, की वायरसकट नवा कपलर जोडावा?

हेडलाइट मिणमिणतो आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, हलवला की उजळतो. उघडून पाहावं तर पिनेवर हिरवा थर. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-पिकअपला मराठवाड्यात हा त्रास नेहमीचा, कारण खतातले क्षार ओल धरून ठेवतात. आता जुन्या कपलरमध्ये नवी पिन बसवायची, की तो तोडून वायरसकट तयार मिळणारा जोडायचा?

तयार कपलरचं काम लवकर होतं. प्लास्टिक वितळलं किंवा लॉक तुटलं असेल तर दुसरा इलाजही नाही. पण सहा पिनांच्या कपलरला सहा नवे जोड पडतात, आणि मला खटकतं ते हेच. बहुतेक ठिकाणी वायरींना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळतात. मे महिन्यात टेपचा डिंक सुटतो, मृगाचं पाणी आत शिरतं आणि दोष पिनेतून निघून जोडात जातो. शिवाय रंग जुळत नाहीत, पुढच्या मेकॅनिकला वायर शोधत बसावं लागतं. सोल्डर मारलं तरी ते जिथं संपतं तिथं तार कडक होते आणि हादऱ्यांनी तिथंच तुटते. जोडायचंच असेल तर क्रिम्प स्लीव्ह (दाबून बसवायची धातूची नळी) आणि वरून डिंकवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) वापरा. जोड एकाखाली एक, दोन-तीन सेंटीमीटर सोडून घ्या.

पिनेचं काम किचकट आहे, तरी माझा कल तिकडेच. बॅटरीची निगेटिव्ह काढा, वायरींचा फोटो घ्या. कपलरचं लॉक उघडून पिनेची जीभ बारीक पात्यानं दाबली की पिन मागून निघते. तांबं काळं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा. वॉटरप्रूफ कपलर असेल तर रबरी सील आधी वायरीवर चढवा. साधारण ५ मिलिमीटर सोला. पिनेचे पुढचे पंख तांब्यावर, मागचे इन्सुलेशनवर दाबायचे. मागचे सुटले तर सगळा हिसका तांब्यावर येतो. साध्या पकडीनं पंख नुसते चपटे होतात, क्रिम्पिंगची पक्कड हवीच. पिन ‘टक’ वाजून बसली की वायर ओढून पाहा.

मग दिवा लावून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि कपलरच्या दोन्ही बाजूंना एकाच वायरीवर टोकं लावा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर जोड चांगला. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो; अर्धा व्होल्ट पडला तर अडीच वॅट उष्णता नखाएवढ्या पिनेत साठते, आणि प्लास्टिक वितळतं ते त्यामुळेच.

त्या मापाची पिन दुकानात मिळाली नाही, तर भंगारातून त्याच मॉडेलचा कपलर वीतभर वायरीसकट आणा. त्यातल्या चांगल्या पिना काढून वायरसह आपल्या कपलरमध्ये बसवता येतात, आणि खराब झाल्यात तेवढ्याच वायरींना जोड पडतो.