हवामान सांगायचंय: आधी रेडिओ की थेट टीव्ही?

टीव्हीवर निवेदकाच्या मागे नुसता हिरवा पडदा; हिरवं दिसेल तिथे संगणक नकाशा टाकतो. निवेदकाला नकाशा दिसतो तो बाजूच्या मॉनिटरवर. नवख्याचं सांगलीवर ठेवलेलं बोट हमखास सोलापुरात जातं. हिरवी साडी नेसलात तर ढग अंगावरूनच फिरतात! सरावाने जमतं हे.

रेडिओला नकाशाच नाही. नुसतं 'मुसळधार' म्हणून भागत नाही. 'आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर, इशारा पातळी गाठली, धोका ४५ला' म्हटलं की सांगलीवाडीचा माणूस गोठ्यातली जनावरं सोडायला उठतो. तिथे आकडा चुकला की संपलं.

मला विचाराल तर आधी रेडिओ. रंग न दाखवता ऑरेंज आणि रेड अलर्टमधला फरक आजीला कळेल असा सांगून बघा. पडद्यापुढे हात कुठे ठेवायचे ते नंतर.