नवं ग्राफिक्स कार्ड, अचानक होणारे रीस्टार्ट आणि पॉवर सप्लाय बदलल्यानंतरचे काही महिने

३२० वॅटचं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून माझा पीसी गेम खेळताना मध्येच रीस्टार्ट व्हायचा. पॉवर सप्लाय बदलल्यावर ते थांबलं. त्याला आता बरेच महिने झाले, मधला कडक उन्हाळाही पार पडला, आणि एकदाही तसं झालेलं नाही. म्हणून आता लिहितोय. या दुखण्यात दोन-चार दिवस नीट गेले म्हणून प्रश्न सुटला असं समजता येत नाही. माझ्याकडेही मध्ये आठवडा-आठवडा काही न होता जायचा आणि मग एकाच संध्याकाळी पीसी लागोपाठ बंद पडायचा.

आधीचं कार्ड १२० वॅटचं होतं. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा, ‘८० प्लस गोल्ड’ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा, काही वर्षं वापरलेला. नव्या कार्डाच्या खोक्यावर शिफारसही ७५० वॅटचीच होती, म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं. तरी स्क्रीन एकदम काळी व्हायची, आवाज तुटायचा आणि पुढच्या क्षणी मदरबोर्डचा लोगो. ब्लू स्क्रीन नाही, हँग होणं नाही, विंडोज कोसळताना मागे ठेवते ती डंप फाइल नाही. आणि हे भर लढाईत क्वचित व्हायचं. लोडिंग संपून सीन उघडताना किंवा मेन्यूतून गेममध्ये परत येताना जास्त. या एका गोष्टीकडे नीट लक्ष दिलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते आणि बरेच जण तिलाच कारण समजतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो, तो पाहायचा. तिथे शून्य असेल तर विंडोजला स्वतः कोसळायलाही वेळ मिळाला नाही. वीज गेली, रीसेट झाला किंवा हार्डवेअर जागच्या जागी अडकलं. शून्य नसेल तर तो ब्लू स्क्रीनचा आकडा आहे आणि शोध ड्रायव्हर-रॅमच्या दिशेने जातो. त्याआधी ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधलं आपोआप रीस्टार्ट होण्याचं सेटिंग बंद करा, म्हणजे ब्लू स्क्रीन येत असेल तर ती दिसेल. माझ्याकडे कायम शून्यच.

त्याच यादीत ‘व्हीआ-लॉगर १८’ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद दिसत असेल तर आधी प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (वेग वाढवणं), अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज कमी करणं) आणि रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल मूळ स्थितीला आणा. ‘डिस्प्ले ४१०१’ असेल तर ड्रायव्हर प्रतिसाद द्यायचा थांबून पुन्हा उभा राहिलाय. स्क्रीन काळी झाली, पण पीसी चालूच आणि कार्डाचे पंखे सुसाट, हा तर वेगळाच आजार. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरीही सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर साफ केला, बायोस अपडेट केला, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, यूपीएस काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावला. तापमानं व्यवस्थित होती. एवढी तपासणी करणं योग्यच, पण त्यापुढे जाऊन विंडोज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता मुख्य गोष्ट. कार्डाचे ३२० वॅट ही सरासरी आहे. असं कार्ड काही मिलिसेकंदांसाठी, कधी त्याहूनही कमी वेळासाठी, साडेचारशे-पाचशे वॅटपर्यंत उसळी मारतं. ही उसळी लोड अचानक बदलतो तेव्हा जास्त येते, म्हणूनच लोडिंग संपण्याचा क्षण घातक. मोठा पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तसा १२ व्होल्टचा दाब त्या क्षणी खाली येतो. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकाच्या, ३.० च्या आधीच्या, नियमानुसार तो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्टमध्ये राहायला हवा. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून झटका झेलणारे भाग, उष्णतेने आणि वयाने क्षीण होतात, झटका झेलायची ताकद कमी होते. काही पॉवर सप्लायमध्ये तर नव्यानेच जास्त करंटविरुद्धचं संरक्षण इतकं हळवं असतं की ही उसळी त्यांना शॉर्टसर्किटसारखी वाटते.

पुढे काय होतं ते संरक्षणावर अवलंबून. पॉवर सप्लाय मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा एक सिग्नल सतत देत असतो. तो क्षणभर गेला की मदरबोर्ड लगेच रीसेट करतो आणि पीसी पुन्हा सुरू होतो. संरक्षण पूर्ण लागलं तर मात्र पीसी बंदच राहतो आणि मागचं स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. मी दोन्ही प्रकार पाहिले. दुसरा पाहिल्यावर संशयाची सुई पॉवर सप्लायवरून हललीच नाही.

हे कुठल्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण ती सेकंद-दोन सेकंदांनी एक आकडा घेतात. साधा मल्टिमीटरही १२.१ व्होल्ट दाखवून निवांत असतो. कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क अर्धा-अर्धा तास बिनतक्रार चालायचं, त्यावरून ‘पॉवर सप्लाय पास’ असा निष्कर्ष काढू नये. तो भार जड असतो पण सपाट असतो. ऑसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅममधली बदलत्या भाराची चाचणी मात्र पीसीला काही मिनिटांत आडवं करायची.

सर्वात खात्रीची आणि फुकटची परीक्षा म्हणजे आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणणं. कार्ड साधारण २२४ वॅटवर आलं आणि रीस्टार्ट थांबले. पुन्हा १०० टक्के केलं, पुन्हा सुरू. ड्रायव्हर, विंडोज, रॅम तीच; बदलली ती फक्त वीज. ज्यांना लगेच खर्च करायचा नाही त्यांनी कार्ड थोडं अंडरव्होल्ट करून फ्रेम रेटला (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांना) मर्यादा घालून काम चालवायला हरकत नाही. खेळताना फरक वाटतो त्याहून कमी असतो. पण तो कायमचा उपाय मला पटत नाही. जो पॉवर सप्लाय आपल्या आकड्याला जागत नाही, तो उद्या कशाला दगा देईल सांगता येत नाही.

मधला टप्पा केबलांचा. माझं कार्ड एकाच केबलच्या दोन तोंडांवर चालत होतं. केबलमधून अडीचशे वॅट जात असतील तर १२ व्होल्टवर ते सुमारे २१ अँपिअर होतात. आठ-पिनी केबलमध्ये १२ व्होल्टच्या तारा तीनच, म्हणजे प्रत्येकीवर ७ अँपिअर. उसळीच्या वेळी त्याहून जास्त. दोन स्वतंत्र केबल लावल्यावर हा भार निम्मा होतो आणि तारेत वाया जाणारं व्होल्टेजही. माझ्याकडे त्यानंतर रीस्टार्ट कमी झाले, थांबले नाहीत. कोणाचे तेवढ्यानेच थांबू शकतात, म्हणून नवीन काही घेण्याआधी हे कराच.

शेवटी मित्राचा पॉवर सप्लाय लावून पाहिला, त्याच्याच केबलांसह. हे शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलांच्या, पॉवर सप्लायच्या केबलचं कार्डाकडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंही, वेगळा ठेवतात. कनेक्टर बसला म्हणून केबल चालेल असं नाही. चुकीच्या केबलने कार्ड, ड्राइव्ह, काहीही जळू शकतं.

तो लावून काही दिवस शांत गेले, मग स्वतःचा घेतला: ८५० वॅटचा, एटीएक्स ३.० मानकाचा. मला इथे ८५० पेक्षा ३.० जास्त मोलाचं वाटतं. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात पॉवर सप्लायने स्वतःच्या रेटिंगच्या २०० टक्क्यांपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद झेलावी अशी अपेक्षा आहे, म्हणजे आमचा आजार त्यांनी नाव घेऊनच हाताळलाय. उलट ८० प्लसचं गोल्ड-प्लॅटिनम फक्त कार्यक्षमता सांगतं, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते एवढंच. झटका झेलण्याशी त्याचा संबंध नाही, आणि खरेदी करताना लोक नेमकं तेच पाहतात याचं वाईट वाटतं.

वापराचं म्हणाल तर पॉवर लिमिट पुन्हा १०० टक्क्यांवर आहे. एक्सएमपी चालू आहे. व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण जोरात असतात, तरी काही होत नाही. कर्नल-पॉवर ४१ ची नवी नोंद नाही. महिन्यातून एकदा यादी उघडून बघतो. कमी भारावर पॉवर सप्लायचा पंखा बंदच असतो. केबल मात्र जाड आणि ताठ आहेत, लहान कॅबिनेटमध्ये मागून फिरवताना जीव जातो आणि पॅनेल दाबून बसवावं लागतं.

कार्डाची बारीक किणकिण, म्हणजे कॉइल व्हाइन, पॉवर सप्लाय बदलूनही गेली नाही. कोणी त्यासाठी बदलणार असेल तर खात्री धरू नका. मेन्यूत फ्रेम रेट शेकड्यांनी वर गेला की ती स्पष्ट ऐकू येते. १४४ ची मर्यादा घातली की हेडफोन न लावताही जाणवत नाही.