बायमॅटोप्रॉस्टचे ड्रॉप, दीड वर्ष टाकल्यावर

मला काचबिंदू निघाला तो फक्त डाव्या डोळ्यात, डोळ्यातलं प्रेशर २६, म्हणून धंतोलीच्या डॉक्टरांनी बायमॅटोप्रॉस्ट ०.०३ टक्के लिहून दिलं, रोज रात्री एक थेंब. कामाला पैकीच्या पैकी मार्क. दीड महिन्यात प्रेशर १८ वर आलं अन् अजून तिथंच आहे.

पण बाकीचं कोणी सांगितलंच नाही ना बाप्पा! चार महिन्यांनी नणंद विचारते, वहिनी, एकाच डोळ्यात काजळ घातलं काय? आरशात पाहते तर डाव्या पापणीचे केस इतके लांब न् जाड की चष्म्याच्या काचेला टेकून राहिले, डोळा मिचकावला की काचेवर तेलकट रेघ. अमेरिकेत हेच औषध २००८ च्या शेवटी पापण्यांचे केस वाढवायला मंजूर झालं म्हणे, पोरगी म्हणाली मग उजवीकडेही लाव. केसांचं एकवेळ ठीक आहे, पण खालची कातडी काळपट झाली अन् वरची पापणी आत गेली, भुवईखाली चक्क खळगा, कारण डोळ्याभोवतीची चरबीच या औषधाने कमी होते. दोन्ही डोळ्यांत टाकणाऱ्यांच्या लवकर लक्षातही येत नसेल, माझा चेहरा मात्र फोटोत दोन बाया अर्ध्या-अर्ध्या जोडल्यासारखा.

चूक माझीही होती. थेंब गालावर ओघळला की मी पुसायचीच नाही, महागाचं औषध आहे, जिरू दे म्हणायची. तेच लगेच टिपायचं असतं, अन् नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. आता करते तर कातडीचा काळेपणा जरा कमी वाटून राहिला, खळगा आहे तसाच.

डॉक्टरांना बदलून द्या म्हटलं तर टिमोलॉल हा काचबिंदूचा दुसरा ड्रॉप मला चालत नाही, दमा आहे. लॅटानोप्रॉस्ट म्हणून याच जातीचा ड्रॉप आहे, त्याने खळगा कमी पडतो म्हणाले डॉक्टर, पुढच्या तपासणीत बघू. तोवर हेच, मनाने बंद करायचं नाही, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

एक स्टार कापते तो बाटलीचा. ३ मिलीची बाटली, उघडल्यावर महिन्याभरात फेकायची, अन् एकाच डोळ्याला पुरून अर्ध्याहून जास्त उरते. त्यात आपला नागपूरचा मे महिना, औषध २५ डिग्रीच्या आत ठेवा लिहिलंय, म्हणून ती फ्रिजमध्ये दह्याच्या गंजामागे, अन् रोज रात्री अख्खं घर शोधून राहिलं की आईचा ड्रॉप कुठे गेला.