पेंटाहो आणि मायएसक्यूएलचा ड्रायव्हर: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी पेंटाहोची फुकटची कम्युनिटी एडिशन वापरतोय. काम एवढंच की दूध संकलनाच्या नोंदी मायएसक्यूएल डेटाबेसमधून उचलायच्या आणि रिपोर्टसाठी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टाकायच्या, रोज रात्री. पेंटाहो डेटा इंटिग्रेशन (जुनी मंडळी अजून केटलच म्हणतात) हे डेटा इकडून तिकडे हलवायचं टूल त्यासाठी मस्त आहे, स्पून (त्याची डिझाइनची खिडकी) उघडायचा, डबे ओढायचे, बाण जोडायचे, झालं. डोकं खाल्लं ते ड्रायव्हरने, म्हणजे पेंटाहोला डेटाबेसशी जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने, आणि त्यातही निम्मी चूक माझीच.

मायएसक्यूएलचा ड्रायव्हर सोबत येत नाही, लायसन्सचा मामला आहे. त्याची जार फाइल आपणच उतरवून पेंटाहोच्या लिब फोल्डरमध्ये टाकायची आणि स्पून बंद करून परत चालू करायचा. मी चालूच ठेवला आणि तासभर 'ड्रायव्हर क्लास सापडला नाही' बघत बसलो. वर जार घेतली व्हर्जन ८ ची, तिच्यात ड्रायव्हर क्लासच्या नावात मधेच 'सीजे' आलंय, म्हणजे जुनं नाव चालेना, मग कनेक्शनचा प्रकार जेनेरिक डेटाबेस निवडून क्लास, यूआरएल, ३३०६ पोर्ट सगळं हाताने लिहिलं.

पुढचा एरर वाचून हसूच आलं, म्हणे 'आयएसटी' हा टाइमझोन ओळखता येत नाही किंवा एकाहून जास्त झोनचं ते नाव आहे. बरोबरच आहे म्हणा, इस्रायल आणि आयर्लंडचंही आयएसटीच! नेटवर बघून यूआरएलमधल्या सर्व्हरटाइमझोन सेटिंगला यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठोकलं, टेस्ट ओके, मी खूश. चार दिवसांनी डेअरीतून फोन, "दादा, काल संध्याकाळचं दूध आजच्या तारखेत कसं काय?" संध्याकाळी सातचं माप साडेपाच तास पुढे सरकून रात्री साडेबाराला पडत होतं. यूटीसीच्या जागी एशिया/कोलकाता लिहिलं आणि चारही दिवसांचा डेटा परत ओढला.

ते निस्तरतोय तोवर लक्षात आलं की सकाळ-संध्याकाळ वेगळं दिसतच नाहीये. शिफ्टचा कॉलम टायनीइंट(१) म्हणजे छोट्या आकड्याचा, सकाळ १ आणि संध्याकाळ २, पण ड्रायव्हर मुळातच त्याला हो-नाही समजतो, म्हणून दोन्हीकडे 'वाय', म्हणजे हो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही!! यूआरएलमध्ये टायनीइंट१इजबिट फॉल्स केलं तेव्हा १ आणि २ दिसायला लागले.

वर्षभराचा डेटा एकदम ओढताना मेमरी संपून जॉब आडवा झाला, कारण हा ड्रायव्हर सगळा रिझल्ट आधी मेमरीत भरतो. यूआरएलमध्ये युझकर्सरफेच ट्रू आणि सोबत फेचसाइज दिला, म्हणजे रिझल्ट थोडा थोडा येतो, परत तो त्रास नाही.

आता म्हणाल तर टूल सोडायचा विचार नाही, पैसे शून्य आणि काम चोख. फक्त जार बदलायची म्हटलं की हात थरथरतो. 'कनेक्शन सक्सेसफुल' वर विश्वास राहिला नाही, रोज सकाळी कालची एक पावती काढून लिटर, फॅट, शिफ्ट हातानेच जुळवतो, आणि मगच चहा.