मूल स्वतःला इजा करून घेतंय : डीबीटी, सीबीटी, कुटुंबोपचार की गोळ्या?

घरात कळलं की आधी मोबाइल जप्त होतो, मग आईच्या गळ्याची शपथ घातली जाते. दोन्हींचा उपयोग शून्य. मूल फक्त लपवायला शिकतं.

जखम मोठी असेल, पोटात काही गेलं असेल किंवा मूल मरणाची भाषा करत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. पोलिसांच्या धास्तीने थांबूही नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानतं, गुन्हेगार नव्हे.

आता निवड. इजा वारंवार होत असेल, राग-रडू आवरतच नसेल, तर माझं मत डीबीटीला, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीला : तीव्र भावना न इजा करता कशा सांभाळायच्या, याची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती बसवली. तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. किशोरवयीनांसाठीच्या पद्धतीत मूल रोज एक कार्ड भरतं : आज राग किती, इजा करावीशी किती वाटली, त्याऐवजी काय केलं. पुढच्या भेटीची सुरुवात त्या कार्डापासूनच. आईबाबांनाही कौशल्यांच्या वर्गात बसावं लागतं, आणि बाबांची खरी कुरकुर इथेच असते. पुन्हा इजा होण्याचं प्रमाण कमी होतं, याचा मुलांमधला सर्वात भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. अडचण एकच : पूर्ण स्वरूपात ती मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी मिळते.

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवते. ती त्या मानाने सहज मिळते, भेटीही कमी लागतात. चिंता किंवा नैराश्य मुळाशी असेल तर ती चांगली. किशोरवयीनांतली इजा थांबवण्याबाबत मात्र तिचा पुरावा तेवढा जोरकस नाही.

कुटुंबोपचार ऐकायला सर्वात पटतो. पण इंग्लंडमध्ये 832 मुलामुलींवर झालेल्या मोठ्या चाचणीत, पुन्हा इजा करून हॉस्पिटलात येण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झालं नाही. घरातली भांडणं हेच मूळ असेल तर घ्या, जोडीला.

गोळ्यांबाबत ब्रिटनची 2022 ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे : इजा थांबवायची म्हणून औषध देऊ नका. नैराश्याचं निदान झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे मुलावर बारीक लक्ष हवं, कारण नैराश्यावरच्या औषधांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. आणि गोळी मनाने बंद करायची नाही.

शाळेच्या समुपदेशक ताई ऐकून घ्यायला उत्तम, पण तो उपचार नव्हे. पैशांची किंवा अंतराची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, आणि मोफत, मराठीतही बोलणारी सरकारी हेल्पलाइन टेलिमानस : 14416.

डीबीटी मिळालीच नाही तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, ‘इजा करावीशी वाटेल त्या क्षणी काय करायचं, हे शिकवाल का? आम्हाला सोबत बसवाल का?’ दोन्हींना ‘नाही’ आलं तर दुसरं नाव शोधा. तोवर घरातली औषधं आणि शेतावरची कीटकनाशकं कुलपात, किल्ली तुमच्याकडे.